गच्चीचे तीन दिवस

हिरामणला या व्यवहारात काय मिळणार होतं ते आधी मांडून घेतलेलं बरं. त्यानं ते गल्लीत ज्याला-त्याला इतक्यांदा मांडून दाखवलंय की आमच्यातला कोणीही झोपेतून उठवला तरी सांगेल. उन्हाळ्याचे चार महिने विजेचं बिल साडेतीन हजार, उरलेले आठ महिने अडीच. म्हणजे वर्षाला चौतीस हजार. गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवायला एक लाख नव्वद हजार, त्यातले अठ्ठ्याहत्तर हजार सरकार अनुदान म्हणून परत देणार. खिशातून गेले एक लाख बारा. ते सव्वातीन वर्षांत वसूल. पॅनल टिकणार पंचवीस वर्षं. निव्वळ नफा सात लाख अडतीस हजार.

"पंचवीस वर्षांनी तुझं वय किती?" शेजारच्या गोटीरामनं त्याला विचारलं होतं.

"ब्याऐंशी."

"मंग नफा मोजणार कोण?"

"मोजायला कशाला लागतंय कोणी. मोबाईलवर आपोआप दिसतं."

हिरामण पैठणी विणतो. येवल्यात आमच्या गल्लीत त्याचं दुमजली घर आहे, खाली दोन माग. एकावर तो, दुसऱ्यावर त्याची बायको उज्वला. त्याचे वडील पुंजाबाबा कंदिलाच्या उजेडात विणायचे आणि डोळे अधू झाले तेव्हा विणायचं थांबले. हिरामणच्या मागावर मात्र दिवसभर चार ट्यूबलाइट लागतात, कारण मोराच्या गळ्यातला निळा आणि त्याच्या शेजारचा निळा वेगळा दिसला नाही तर पदर वाया. शिवाय मोटर, फ्रिज, गीझर, आणि एक एसी. एसी मुलानं, ज्ञानेशनं बसवला. मुलगा नोकरीला नाशकात निघून गेला, एसी राहिला, आणि तो बंद ठेवला तर मशीन खराब होतं असं कोणीतरी उज्वलाला सांगितलं. कोणी सांगितलं ते ती सांगत नाही. हिरामणचा संशय आहे की एसीनंच सांगितलं.

तर असा माणूस. भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घेतो आणि तिचं वजन करायला लावतो. पण वाईट नाही. त्याच्या हिशोबात लबाडी नसते, फक्त त्यात एखादी बाजू मांडायची राहून जाते. या खेपेला राहून गेली ती त्याची बहीण.

सोलर बसवणारा हर्षल, गावातल्याच विंचूर चौफुलीवर दुकान असलेला तरणा गडी, टेप घेऊन गच्चीवर आला. गच्चीच्या मधोमध जिन्याची खोली आणि तिच्यावर पाण्याची टाकी. त्यानं दोनदा गच्ची मोजली, मोबाईलवर सूर्याचा रस्ता बघितला आणि म्हणाला, "काका, उत्तरेकडच्या बाजूला जिन्याच्या खोलीची सावली पडती. हिवाळ्यात तर दिवसभर. पॅनल घ्यायचे तर दक्षिणेलाच, कठड्याला लागून. सहाच्या सहा तिकडं."

हिरामणनं दक्षिणेचा कठडा बघितला. उज्वला धुणं वाळत घालत होती, तिचा हात थांबला.

"उंच करता येईल," हर्षल म्हणाला. "लोखंडी सांगाडा, नऊ फुटांचा. खालून माणूस आरामात फिरल. अठ्ठावीस हजार वरचे."

"अठ्ठावीस हजार कशाचे? हवेचे?"

"लोखंडाचे, काका."

"खालीच बसव. पॅनलला ऊन पाहिजे, का उंची पाहिजे?"

हर्षल उतरून गेल्यावर उज्वलानं विचारलं, "आणि अक्कांचे तीन दिवस?"

आता हे तीन दिवस म्हणजे काय ते सांगायला पाहिजे.

येवल्यात संक्रांत एका दिवसाची नसते. भोगी, संक्रांत आणि कर, असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. दुकानं अर्धी बंद, हलकडी, म्हणजे हलगी, वाजतेय, आणि आभाळात जागा मिळत नाही एवढे पतंग. इथं घर बघायला आलेला माणूस आधी गच्ची बघतो. वारा उत्तरेकडून येतो, पतंग दक्षिणेला जातो. म्हणून जिची दक्षिण मोकळी ती गच्ची भारी. पुंजाबाबाची गच्ची गल्लीत सगळ्यात भारी होती, आणि त्या गच्चीवर सगळ्यात भारी हात होता त्यांच्या थोरल्या मुलीचा, चंद्रभागेचा. गल्ली तिला अक्का म्हणते. दोऱ्याच्या घरात वाढलेली बाई. मांजाला बोट लावलं की समोरचा ढील देणार का खेचणार हे तिला कळायचं. पोरी आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, धरायच्या, दोरा गुंडाळायच्या, त्या काळात अक्का पतंग उडवायची आणि आसारी हिरामण धरायचा. तो तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. आसारी त्याच्याएवढी होती, असं अक्का सांगते.

लग्न होऊन ती विंचूरला कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरी गेली. तरी एक संक्रांत चुकवली नाही. पोटुशी होती तेव्हा आली, सासरे वारले त्या वर्षी भोगीला न येता करीला आली. बारा वर्षांपूर्वी पुंजाबाबा गेले तेव्हा घर हिरामणच्या नावावर करायचं ठरलं. अक्कानं रजिस्ट्री कचेरीत जाऊन हक्कसोड करून दिली. निम्मं घर तिचं होतं, ते सोडलं. कागदावर लिहिलंय, 'स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता.' सही करून बाहेर आल्यावर ती हिरामणला म्हणाली, "घर तुझं. संक्रांतीचे तीन दिवस गच्ची माझी." हिरामणनं रस पाजला तिला, त्या दिवशी दोन ग्लास.

आणि गंमत बघा. विजेचं मीटर अजून पुंजाबाबांच्याच नावावर होतं. बारा वर्षं मयत माणसाच्या नावानं बिल येत होतं आणि तो वेळेवर भरत होता, असा दुसरा मयत वीज कंपनीला मिळाला नसेल. पण अनुदानासाठी मीटर हिरामणच्या नावावर पाहिजे, आणि त्यासाठी घर हिरामणचं असल्याचा कागद पाहिजे. तो कागद म्हणजे तीच हक्कसोड. पेटीतून काढली, झेरॉक्स मारल्या, जोडल्या. सोलर बसलं ते अक्काच्या सहीवर.

"तीन दिवसांचं बघू," हिरामण उज्वलाला म्हणाला. "अक्का आता गच्चीवर येती कुठं? मागच्या साली ओट्यावरच बसली होती."

ते खरं होतं. अक्काचे दोन्ही गुडघे गेले होते. त्याच्या आधीच्या वर्षी ती जिना बसून बसून चढली, एकेक पायरी मागे सरकत. मागच्या वर्षी तेही जमेना. तीन दिवस ओट्यावर खुर्ची टाकून वर बघत बसली, आणि पोरं पतंग काटून ओरडली की विचारायची, "कोणाचा गेला रे?"

हिरामणनं सात लाखांचा सगळा हिशोब त्या गुडघ्यांवर मांडला होता.

"तिला फोन करून सांगा तरी," उज्वला म्हणाली.

"भाऊबिजेला जाणारच हाय विंचूरला. तोंडावर सांगतो. फोनवर बरं दिसत नाय."

नवरात्रात पॅनल बसले. सहा पॅनल, तीन-तीनच्या दोन रांगांत, दक्षिणेच्या कठड्याला लागून, गुडघाभर उंचीवर, निळे आणि चकचकीत. हिरामण पहिला आठवडा मागावर कमी आणि मोबाईलवर जास्त होता. "आज बारा युनिट. काल साडेअकरा होते, ढग आला होता दुपारी." ऊन पडलं की तो खुश, जणू स्वतःच पाडलंय. पहिलं बिल आलं तेव्हा मात्र तो तडक हर्षलच्या दुकानात गेला. बिल शून्य नव्हतं. स्थिर आकार आणि काय काय मिळून दोनशे चाळीस रुपये होते.

"ते लागणारच, काका. मीटर हाय ना त्यांचं."

"वीज मी बनवायची आणि भाडं पण मीच भरायचं?"

"दोनशे चाळीसच तर हाय."

"पंचवीस वर्षांचे किती होतात, सांग." हर्षलला सांगता आलं नाही. हिरामणला येत होतं. बहात्तर हजार. ते त्यानं सात लाखांतून वजा केले आणि दोन दिवस नीट जेवला नाही.

भाऊबिजेला तो विंचूरला गेला. सांज झाली तेव्हा परतला, आणि चेहरा असा की उज्वलानं आधी विचारलं, "ओवाळणी जास्त गेली का?"

"अक्का गुडघे बदलू ऱ्हायली."

"मग? चांगलंच झालं की."

"दोन्ही. नाशकात. पुढच्या आठवड्यात. पोरगा पैसे भरू ऱ्हायला."

"अहो, मग रडता काय?"

"म्हणली, डॉक्टरला सांगितलंय मी, संक्रांतीपर्यंत जिना चढता आला पाहिजे, नायतर नको मला तुमचे गुडघे."

उज्वला खाली बसली. "तुम्ही सांगितलं का मग?"

"तिनं ताटात अनारसे वाढले होते," हिरामण म्हणाला, जसं काही त्यात उत्तर होतं.

नाशकात तो दवाखान्यात भेटायला गेला, सफरचंदं घेऊन. अक्का पलंगावर बसून समोरच्या पेशंटला भिकार कांदा कसा ओळखायचा ते शिकवत होती. हिरामणनं बाहेर डॉक्टरांना गाठलं.

"साहेब, जिना तर चढू द्यायचा नसंल ना आता? वय झालं तिचं."

"चढायलाच तर बदललेत गुडघे," डॉक्टर म्हणाले. "चढवा त्यांना. रोज चढवा."

हे उत्तर विकत घेतलं असतं तरी एवढं महाग पडलं नसतं. परत आल्यावर त्यानं हर्षलला सांगाड्याचा भाव पुन्हा विचारला. अठ्ठावीसच. त्यानं बाविसाला मागितला. हर्षल म्हणाला, लोखंड काय मी पिकवतो का. हिरामण म्हणाला, बघू संक्रांतीनंतर. मग त्याला आठवलं की गरज संक्रांतीच्या आधी आहे, आणि तरीही तो तसाच घरी आला. माणसाला खर्च टाळायचा असला की तारखा सुद्धा त्याच्या मनासारख्या दिसायला लागतात.

त्याला एक आशा होती, ती त्यानं मलाही बोलून दाखवली. अक्काचं मन मोठं. ज्या बाईनं निम्मं घर सोडलं ती सहा पॅनलांसाठी काय भांडणार?

भोगीच्या सकाळी अक्का एसटीनं आली. पोरगा गाडीनं सोडतो म्हणाला होता, पण तिला स्टँडपासून चालत यायचं होतं, गल्लीला गुडघे दाखवत. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, नऊवारीवर. हातात पिशवी, पिशवीत पतंग. ओट्यावर थांबली नाही, पाणी घेतलं नाही. "आधी वर," म्हणाली, आणि जिन्याला लागली. कठड्याला हात न लावता. उज्वला मागून, हिरामण त्याच्या मागून, आणि आम्ही समोरच्या गच्चीवरून बघतोय.

वर आली. थांबली.

गच्चीची दक्षिण बाजू निळीभोर झाली होती. ज्या कोपऱ्यात ती उभी राहायची तिथं पॅनलची कड होती.

"ह्येच का ते सोलर," अक्का म्हणाली.

"हो. अक्का, ते सावलीमुळं..."

"किती युनिट पडतात?"

"आता थंडीत दहा-अकरा."

"बरंय की." तिनं पॅनलवरून हात फिरवला. "गरम असतं का रं. पापड वाळतील याच्यावर."

हिरामण हसला. एवढा हलका होऊन हसला की आम्हाला पलीकडं ऐकू आलं. त्याला वाटलं, सुटलो.

अक्का उत्तरेच्या कोपऱ्यात गेली, टाकीशेजारी. पतंग काढला, हात दिला, पतंग चढला. हात तोच होता. पण पतंग दक्षिणेला गेला की दोरा गच्चीवरून आडवा जायचा, आणि वारा पडला की खाली पॅनलच्या कडेवर घासायचा. अॅल्युमिनियमची कड. दोनदा घासला, तिसऱ्यांदा तुटला. कोणी काटला नाही, पेच लागला नाही. घरच्या घरीच तुटला. हलकडीवाल्यालाही कळेना वाजवावं का थांबावं. तिनं दुसरा चढवला. तोही तसाच गेला.

तिनं उरलेला दोरा आसारीला गुंडाळला, नीट, एकावर एक वेढा बसवत, आणि खाली आली. भोगीची भाजी खाल्ली, बाजरीची भाकरी खाल्ली, भाजीत तीळ जास्त झालेत म्हणाली. रागावलेल्या बाईला तीळ मोजता येत नाहीत, म्हणून हिरामण आणखी निर्धास्त झाला. उज्वला झाली नाही. ती अक्काला ओळखून होती.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, सकाळची ओवसायची गडबड आटपली आणि अक्का बूट घालून बाहेर पडली. हिरामणला वाटलं देवळात चालली. ती शेजारच्या दारात गेली.

"गोटीराम, हायेस का?"

"या अक्का, या. तीळगूळ घ्या."

"तीळगूळ नको. गच्ची दे."

गोटीरामचं किराणा दुकान आहे, आणि त्याच्या बापाचं आणि पुंजाबाबाचं पतंगाचं वैर गल्लीच्या दोन पिढ्यांनी पाहिलंय. पुंजाबाबाची पोर आपल्या गच्चीवर उभी राहणार हे ऐकून तो पुढं धावला, खुर्ची आणली, सतरंजी आणली, आणि दुकानात जाऊन शेंगदाण्याची चिक्की आणली, ती पण न मोजता. आसारी धरायला स्वतः उभा राहिला.

हिरामण तेव्हा जिन्याच्या खोलीच्या स्लॅबवर होता. तिथून दोरा पॅनलच्या वरून जातो, हा शोध त्यानं रात्रीतून लावला होता. अक्काला पण सुचवणार होता, पण स्लॅबवर जायला भिंतीला लावलेली लोखंडी शिडी आहे आणि डॉक्टरांनी जिना म्हटलं होतं, शिडी नाही. त्याचा पतंग मस्त चढला होता. पिवळा. तेवढ्यात त्याच्या उजव्या बाजूनं एक काळा पतंग आला.

"कोणाचा रे तो?" त्यानं विचारलं.

उज्वला खालून म्हणाली, "तुमच्याच घरचा."

हिरामणनं मान वळवली. गोटीरामच्या गच्चीवर पांढरे बूट दिसले.

पेच लागला. हिरामणनं खेचलं, तिनं ढील दिली. त्यानं ढील दिली, तेव्हा तिनं एकच झटका मारला, तो झटका त्याला लहानपणापासून माहीत होता, पण आजवर तो त्याच्या बाजूनं असायचा. पिवळा पतंग डोलत, गिरक्या खात गावाबाहेर निघाला. गोटीरामची गच्ची ओरडली. हलकडी वाजली ती अशी वाजली की गुदस्ता निवडणुकीला वाजली नव्हती.

हिरामणनं दुसरा चढवला. तो गेला. तिसरा गेला. दुपारपर्यंत त्याचे सगळे पतंग गेले आणि तो शिडीवरून उतरून पॅनलशेजारी बसला. तेवढ्यात कुठंतरी तारेत पतंग अडकून लाइट गेली. तशी लाइट गेली की सोलरही बंद पडतं, ते हर्षलनं सांगितलं होतं, पण हिरामण तेव्हा बेरीज करत होता. मोबाईलवर शून्य आलं. वर ऊन रणरणतंय, पॅनल सहा, आणि युनिट शून्य.

संध्याकाळी तीळगूळ द्यायला अक्का घरी आली. "गोड बोल," म्हणाली आणि त्याच्या हातावर वडी ठेवली.

"तू गोटीरामच्या गच्चीवर गेलीस, अक्का."

"मंग कुठं जाऊ?"

"लोक काय म्हणले असतील?"

"लोक म्हणले, अक्काचा हात अजून हाय. आणि आसारी धरायला गोटीराम बरा हाय हां. जरा हळू सोडतो दोरा, पण शिकंल."

हे मात्र लागलं. घराबद्दल ती काही बोलली असती, हक्कसोडीचं काढलं असतं, तर त्याच्याकडं उत्तरं तयार होती. अनुदान, सावली, युनिट. आसारी त्या हिशोबात कुठंच नव्हती. तो वडी खात बसला. नंतर उज्वलाला म्हणाला, "गोटीरामला आसारी धरता येत नाय. दोरा बोटात अडकवतो तो."

"मग जाऊन शिकवा त्याला."

करीच्या सकाळी हिरामण घरात नव्हता. तो हर्षलला शोधत गावभर फिरत होता. दुकान बंद, फोन बंद. शेवटी सापडला तो पाटील गल्लीत एका चौमजली गच्चीवर, पेचात. हिरामण चार मजले चढला.

"हर्षल, पॅनल काढायचेत. पुढची रांग. आत्ता."

"काका, आज कर हाय." हर्षलची नजर आभाळातून हलली नाही. "उद्या येतो."

"उद्या काय उपयोग."

"अनुदान आलं ना खात्यावर? मग आता काय घाई?"

"पुढची रांग आज काढ. आणि मग सगळंच उचलायचं, नऊ फुटावर. सांगाडा करायला घे."

हर्षलनं क्षणभर मान वळवली, आणि तेवढ्यात त्याचा पतंग गेला. तो गेलेल्या पतंगाकडं बघत म्हणाला, "सांगाड्याचे अठ्ठावीस. आणि आज करीच्या दिवशी पोरं गच्चीवरून उतरवायची म्हणजे तीन हजार वेगळे." बोलला, आणि घासाघीस ऐकायला तयार होऊन उभा राहिला.

"चल," हिरामण म्हणाला.

हर्षलनं नंतर आम्हाला सांगितलं की त्याला तेव्हा भीतीच वाटली. काका आजारी आहेत की काय. त्यानं रस्त्यात दोनदा विचारलं, तीन हजार म्हणलं मी, ऐकलं ना.

दोन पोरं, पान्हे, दोर. आधी खालचा स्विच बंद केला, मग एकेक पट्टी सोडवून पुढच्या रांगेतले तीन पॅनल उचलून जिन्यात उभे केले. गल्ली सगळी बघत होती. करीच्या दिवशी आभाळ सोडून लोक गच्चीकडं बघतायत असं पहिल्यांदाच झालं. दक्षिणेचा कठडा मोकळा झाला. हिरामण तिथं जाऊन उभा राहिला आणि शेजारच्या गच्चीकडं न बघता, समोर बघत मोठ्यानं म्हणाला, "अक्का, आसारी रिकामी हाय इकडं."

गोटीरामच्या गच्चीवरून उत्तर आलं, "पेच लागलाय. थांब."

तो थांबला. तिनं तो पेच घेतला, काटला, मग दोरा गुंडाळला, गोटीरामच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि निघाली. एक जिना उतरून दुसरा चढली, बुटांनी. वर येऊन तिनं कठड्यावर हात ठेवला, पॅनल निघालेल्या जागेकडं बघितलं, बोल्टांची भोकं बघितली.

"पाऊस आत जाईल रं याच्यातून."

"बुजवतो."

"धर मग." तिनं त्याच्या हातात आसारी दिली.

दुपार कलेपर्यंत ते दोघं तिथं होते. हिरामणला ढील द्यायला सांगावं लागत नव्हतं, तिचा खांदा हलला की आसारी फिरायची. ती सहासष्ट, तो सत्तावन्न. मध्ये एकदा तो म्हणाला, "आज पॅनल बंद हायेत, दहा युनिट गेले," आणि ती म्हणाली, "डावीकडं बघ, गोटीराम येऊ ऱ्हायला." गोटीराम आला आणि गेला. गल्ली ओरडली. हलकडीवाला आता हिरामणच्या गच्चीकडं तोंड करून वाजवत होता, त्याचं इमान गोटीरामची चिक्की संपेपर्यंतच.

रथसप्तमीपर्यंत सांगाडा उभा राहिला. नऊ फुटांचा, हिरव्या रंगाचा, वर सहा पॅनल. खाली सावली एवढी छान पडते की उज्वलानं तिथं लगेच बाज टाकली. रथसप्तमीला तिनं अक्काला बोलावलं, सांगाड्याबाहेर उन्हात गोवऱ्या पेटवल्या आणि बोळक्यात दूध उतू घातलं. वर बारा युनिट पडत होते आणि खाली दूध गोवरीवर.

अक्का बाजेवर बसली होती. हिरामणनं योग्य वेळ बघितली.

"अक्का, एक बोलू? सगळे मिळून एकतीस हजार गेले. अठ्ठावीस लोखंडाचे, तीन करीचे. माझा वसुलीचा हिशोब एक वर्ष पुढं गेला. आता हे उंच केलं ते तुझ्यासाठीच ना? मग तुझा काही वाटा..."

"अहो," उज्वला म्हणाली.

"बोलू दे त्याला," अक्का म्हणाली. "बरोबर हाय. गच्ची माझी किती दिवस?"

"तीन."

"वर्षाचे दिवस किती?"

हिरामणनं मोबाईल काढला. एकतीस हजार भागिले तीनशे पासष्ट, गुणिले तीन. "दोनशे चोपन्न रुपये ऐंशी पैसे."

अक्कानं कमरेची पिशवी काढली. दोनशेची एक नोट, पन्नासची एक, पाचचं नाणं. "वीस पैसे ठेव तुला."

आणि हिरामणनं ते घेतले. आमच्यासमोर, मोजून, खिशात घातले. उज्वलानं कपाळावर हात मारला.

"आता एवढा हिशोब काढलाच हायेस," अक्का दुधाकडं बघत म्हणाली, "तर निम्म्या घराचं भाडं पण काढ. बारा वर्षांचं. काढ, मोबाईल हातातच हाय."

हिरामण मोबाईलकडं बघत राहिला. मग त्यानं तो खिशात ठेवला, त्याच खिशात, नोटांशेजारी.

"दूध उतू गेलं," तो म्हणाला.

"जाऊ दे. आज जायचंच असतं."

तर आता शेवटची मांडणी. पॅनलचे अठ्ठ्याहत्तर हजार सरकारनं भरले, एक लाख बारा हिरामणनं. गुडघ्यांचे अक्काच्या पोरानं. पतंगांचे ज्याचे त्यानं, गोटीरामनं चिक्कीसकट. लोखंडाचे आणि करीचे एकतीस हजार हिरामणनं, दोनशे पंचावन्न वजा जाता. सांगाडा होईपर्यंत पॅनल बंद होते, पण आधीचे साठलेले युनिट कामी आले, म्हणून जानेवारीचं बिल फक्त स्थिर आकाराचं आलं, दोनशे चाळीस. हिरामणनं ते त्या खिशातल्या नोटांतून भरलं. म्हणजे जानेवारीचं वीजबिल अक्कानं भरलं. वरचे पंधरा रुपये हिरामणला सुटले. आणि निम्मं घर, तेही अक्कानंच, बारा वर्षांपूर्वी, एकरकमी.